शहराजवळची कोणती बेटं राखावीत? वनस्पतीवैविध्यासाठी निवड कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा: शहरालगतच्या पाण्यात तीस-चाळीस लहानमोठी बेटं आहेत. माणसं, पैसा आणि परवानग्या पाच-सहा बेटांपुरत्याच मिळणार. वनस्पतींचं वैविध्य जास्तीत जास्त टिकवायचं तर कोणती निवडावीत? सगळ्यांत मोठं एक घ्यावं की लहान-लहान अनेक? आणि त्याआधी नेमकं काय मोजून घ्यावं?

प्रत्येक बेटावरच्या जाती मोजायच्या, उतरत्या क्रमाने लावायच्या आणि वरची पाच बेटं उचलायची, ही पद्धत सगळीकडे चालते आणि बहुतेक वेळा चुकीचं उत्तर देते. त्याची कारणं दोन. जातींनी समृद्ध बेटं बरेचदा एकमेकांसारखीच असतात, त्यामुळे दुसरं-तिसरं बेट घेऊनही पदरात नवं फारसं पडत नाही. शिवाय शहराजवळच्या बेटावरचा जातींचा आकडा शहरानेच फुगवलेला असतो: बागेतून निसटलेली झाडं, होडीतून आलेलं गवताचं बी, भरावाच्या मातीतलं तण. म्हणून हिशेब करायचा तो बेटांचा संच मिळून काय देतो याचा, आणि तोही स्थानिक जातींचा.

मोठं एक की लहान अनेक

हा वाद 1970च्या दशकातला आहे. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या परिस्थितीशास्त्रज्ञांनी त्याआधीच्या दशकात बेटांवरच्या जातींच्या संख्येचं गणित मांडलं होतं. नव्या जाती येत राहतात, जुन्या नष्ट होत राहतात, आणि दोन्ही वेग जुळतात तिथे संख्या स्थिरावते. मोठ्या बेटावर नष्ट होण्याचा वेग कमी, मुख्य भूमीजवळच्या बेटावर येण्याचा वेग जास्त. त्यावरून जॅरेड डायमंड यांनी 1975 मध्ये राखीव क्षेत्रांसाठी काही नियम सुचवले. एकूण क्षेत्रफळ तेवढंच असेल तर तुकड्यांपेक्षा एक मोठं क्षेत्र बरं, हा त्यांतला एक. पुढच्याच वर्षी डॅनियल सिम्बरलॉफ आणि लॉरेन्स एबल यांनी दाखवलं की त्या सिद्धान्तातून असा निष्कर्ष निघतच नाही.

कोण बरोबर, हे एका छोट्या हिशेबावरून कळतं. क्षेत्रफळ वाढतं तशी जातींची संख्या वाढते, पण मंदगतीने. जातींची संख्या क्षेत्रफळाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढते असं धरतात आणि हा घातांक बेटांसाठी साधारण 0.25 ते 0.35 येतो. 0.25 धरू. 40 हेक्टरच्या बेटावर 100 जाती असतील तर 20 हेक्टरच्या बेटावर 84 अपेक्षित आहेत. आता 20 हेक्टरची दोन बेटं घेतली आणि त्यांच्यात 68 जाती सामाईक निघाल्या, तर 84 अधिक 84 वजा 68, म्हणजे बरोबर 100. सामाईक जाती 68 पेक्षा कमी असतील तर दोन लहान बेटं सरस, जास्त असतील तर एक मोठं. म्हणजे नुसत्या क्षेत्रफळावरून उत्तर मिळत नाही. दोन बेटांच्या याद्या शेजारी ठेवल्याशिवाय ते सांगता येत नाही.

स्वतःच्या बेटांपुरती ही तपासणी तासाभरात होते. सगळी बेटं लहानाकडून मोठ्याकडे लावा. एकेक बेट मिळवत जा. आडव्या अक्षावर एकूण क्षेत्रफळ, उभ्या अक्षावर एकूण वेगळ्या जाती. मग हेच मोठ्याकडून लहानाकडे करा. जेम्स क्विन आणि सुसान हॅरिसन यांनी 1988 मध्ये अनेक बेटसमूहांची माहिती अशी मांडून पाहिली, तेव्हा लहानांपासून सुरू होणारी रेघ बहुधा वर राहिली. तेवढ्याच क्षेत्रफळात लहान बेटांच्या गटाने जास्त जाती दिल्या. तुमच्याकडेही असंच निघण्याची शक्यता बरीच आहे. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका. हा आलेख आज काय उभं आहे ते सांगतो, वीस वर्षांनी काय उभं असेल ते नाही.

लहान बेटांना दोन ठिकाणी मर्यादा पडते. पहिली पाण्याची. समुद्रातल्या सच्छिद्र जमिनीच्या बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रसपाटीपासून त्याची पातळी एक मीटर वर असेल तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. बेट फार लहान असेल तर हे भिंग तयारच होत नाही. प्रशांत महासागरातल्या कापिंगामारांगी प्रवाळद्वीपावर 1.4 हेक्टरच्या आसपास अशी सीमा दिसली होती. त्याखालच्या बेटांवर क्षेत्रफळ वाढलं तरी वनस्पतींची संख्या वाढत नव्हती, कारण खारेपणा सोसणाऱ्या त्याच मोजक्या जाती सगळीकडे होत्या. हा आकडा तसाच उचलून आपल्या बेटांना लावू नका. खडकाळ बेटावर किंवा गोड्या पाण्याच्या जलाशयात सीमा वेगळी असेल, कदाचित नसेलही. आपल्या आलेखावर ती कुठे येते ते पाहायचं. तिच्याखालच्या बेटांची निवड क्षेत्रफळावरून करण्यात अर्थ नसतो, तिथे अधिवास बघायचा.

दुसरी मर्यादा कडेची. वारा, खारे तुषार आणि ऊन कडेपासून 50 मीटर आत पोचतात असं धरलं, तर 1 हेक्टरच्या अगदी गोल बेटाची त्रिज्या 56 मीटर असल्याने आतला सुरक्षित गाभा फक्त 130 चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम सव्वा टक्का उरतो. 10 हेक्टरच्या गोल बेटात तोच गाभा 52 टक्के असतो. बेट लांबोळकं आणि 100 मीटर रुंदीचं असेल तर 10 हेक्टर असूनही गाभा शून्य. सावलीत वाढणाऱ्या, दमट हवा लागणाऱ्या जाती तुमच्या उद्दिष्टात असतील तर क्षेत्रफळाऐवजी गाभ्याचं क्षेत्रफळ वापरा. नकाशावर बेटाची कड 50 मीटर आत ओढली की तो आकडा मिळतो. कडेवरच्या, खडकांवरच्या किंवा क्षारसह (खारेपणा सोसणाऱ्या) वनस्पती हव्या असतील तर मात्र हा नियम उलटा फिरतो. त्यांच्यासाठी कड हेच घर.

यादी कशी करायची

सगळी निवड यादीवर उभी असते आणि यादी कच्ची असेल तर पुढचं कितीही भारी सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. सगळ्यांत जास्त नडते ती असमान मेहनत. मोठ्या, उतरायला सोयीच्या बेटावर तीन दिवस फिरायचं आणि खडकाळ बेटावर भरतीच्या आधी वीस मिनिटं, मग आकडे बेटांबद्दल नाही तर होडीच्या वेळापत्रकाबद्दल बोलतात. म्हणून दोन प्रकारची नोंद एकत्र ठेवा. एक, ठरावीक आकाराच्या चौकटी: झाडांसाठी 10 बाय 10 मीटर, त्यांच्या कोपऱ्यात गवत आणि लहान वनस्पतींसाठी 1 बाय 1 मीटर. चौकटी नुसत्या सोयीच्या जागी टाकायच्या नाहीत. आधी नकाशावर अधिवास वेगळे करायचे (तुषारांचा पट्टा, वाळू, चिखल, कडा, घळ, माथा, गोड्या पाण्याचा खळगा, जुनं बांधकाम) आणि प्रत्येकात किमान तीन चौकटी येतील असं पाहायचं. दोन, चौकटींबाहेर मोकळी भटकंती, वेळ लावून. दर दहा मिनिटांनी नवीन सापडलेल्या जाती लिहायच्या आणि सलग अर्ध्या तासात नवीन काही न मिळाल्यास थांबायचं. दुर्मीळ जाती बहुतेक या भटकंतीत सापडतात. चौकटी तुलनेसाठी असतात.

वर्षातून किमान दोन फेऱ्या हव्यात, एक वाढीच्या ऐन हंगामात आणि एक त्यानंतर, बिया धरल्यावर. कंद जमिनीत ठेवून वर्षाचा बराच काळ गायब असणाऱ्या वनस्पती एका फेरीत हमखास निसटतात. ज्या बेटांवर पाणपक्षी घरटी करतात तिथे विणीच्या काळात उतरू नका. ती फेरी पुढे ढकला आणि तसं नोंदीत लिहा, नाहीतर वर्षभराने कोणीतरी ती पोकळी वैविध्याचा अभाव समजेल. कडे आणि सुळके दुर्बिणीने किंवा ड्रोनने पाहता येतात, पण त्या नोंदी वेगळ्या खुणेने ठेवायच्या.

यादी किती पूर्ण झाली हे अंदाजाने सांगू नका, काढता येतं. समजा एका बेटावर 30 चौकटींत 120 जाती मिळाल्या. त्यांतल्या 24 जाती प्रत्येकी एकाच चौकटीत दिसल्या आणि 16 जाती प्रत्येकी फक्त दोन चौकटींत. 24 चा वर्ग 576, त्याला 16 च्या दुपटीने म्हणजे 32 ने भागा: 18. संख्याशास्त्रज्ञ अॅन चाओ यांच्या सूत्राप्रमाणे अजून किमान 18 जाती नजरेतून सुटल्या असाव्यात, म्हणजे काम सुमारे 87 टक्के झालं. बेटाबेटांत हा टक्का फार वेगळा असेल, एकीकडे 90 आणि दुसरीकडे 60, तर तुलना थांबवा आणि आधी मागे पडलेल्या बेटावर जा.

ओळख पटत नसेल त्या वनस्पतीचा नमुना घ्या, पण त्याच जागी किमान वीस रोपं दिसत असतील तरच एक घ्या. कमी असतील तर फुलाचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे, सालीचे आणि खोडाच्या तळाचे फोटो, मोजपट्टीसकट. गवतं आणि लव्हाळी यांना कंटाळून ‘गवत-1, गवत-2’ अशी नावं देऊन लोक सोडून देतात, आणि मग एका बेटावरचं गवत-2 दुसऱ्या बेटावर गवत-5 होतं. एकाच जातीची दोन नावं पडली की बेटं आहेत त्यापेक्षा वेगळी भासतात. संच निवडताना याचा फटका सर्वांत मोठा बसतो, कारण पुढे वापरायची पद्धत वेगळेपणालाच बक्षीस देते. सगळे नमुने एकाच माणसाने, एकाच टेबलावर शेजारी ठेवून ओळखायला हवेत.

आता परक्या जातींबद्दल. यादीत प्रत्येक जातीपुढे तीनपैकी एक खूण करा: स्थानिक, परकी, शंकास्पद. घाणेरी किंवा सुबाभूळ यांच्याबाबत बहुतेक ठिकाणी प्रश्न येत नाही. पण किनाऱ्यावरच्या अनेक वनस्पती लाटांबरोबर जगभर फिरत असतात आणि त्यांचं मूळ सांगणं कठीण असतं. यावर महिनोन्महिने वाद घालण्यापेक्षा निवडीचं गणित दोनदा चालवा, एकदा शंकास्पद जाती धरून आणि एकदा वगळून. निवडलेली बेटं दोन्ही वेळा तीच आली तर वाद कागदावरच ठेवा. वेगळी आली तर ज्या जातींमुळे फरक पडला तेवढ्यांचाच शोध घ्या. त्या सहसा दोन-चारच निघतात.

परक्या जातींच्या नोंदी टाकून मात्र द्यायच्या नाहीत. त्यांनी किती जमीन व्यापली आहे हा टक्का पुढे बेट सांभाळायला किती मेहनत लागेल ते सांगतो.

नोंद आहे, पण जात टिकणार आहे का

बेटावर एक झाड दिसलं म्हणून ती जात त्या बेटावर ‘आहे’ असं धरणं धोक्याचं. लहान बेटावर नर आणि मादी झाडं वेगळी असणाऱ्या जातीचं फक्त नर झाड उभं असू शकतं. ते शंभर वर्षं जगेल आणि यादीत दिसत राहील, पण त्या बेटावर त्या जातीला भविष्य नाही. स्वतःच्या परागाने फळ न धरणाऱ्या जातींचं, किंवा मुळांतून पसरलेल्या आणि म्हणून शंभर खोडं असूनही एकच रोप असलेल्या झुडपांचंही तसंच. त्यामुळे महत्त्वाच्या जातींपुढे तीन गोष्टी लिहा: अंदाजे किती मोठी झाडं, फळं-बिया दिसल्या का, आणि गुडघ्याएवढी रोपं दिसली का. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती नोंद निवडीच्या गणितात अर्ध्या वजनाने घ्या, किंवा घेऊच नका.

धरण बांधल्यावर टेकड्यांची बेटं झालेल्या जलाशयांत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. चीनमधला शिनआनच्यांग धरणाचा जलाशय 1959 चा आणि तिथे हजाराहून अधिक बेटं आहेत. व्हेनेझुएलातल्या गुरी जलाशयातली बेटं त्यानंतरची, 1986 ची. अशा बेटांवर आज दिसणारी मोठी झाडं पाणी भरण्याआधीच्या जंगलाची असतात. गुरीच्या लहान बेटांवर शिकारी प्राणी उरले नाहीत, पानं तोडणाऱ्या मुंग्या आणि पानं खाणारी माकडं बेसुमार वाढली, आणि झाडांची नवी पिढी उभी राहीना, असं जॉन टेरबॉर्ग आणि सहकाऱ्यांना दिसलं. वरच्या छत्रीवरून यादी केली असती तर बेट श्रीमंत दिसलं असतं. झाडांचं आयुष्य मोठं असल्याने तूट दिसायला पन्नास-शंभर वर्षं लागतात. खाली वाकून रोपं मोजली तर ती आजच दिसते.

किती झाडं म्हणजे पुरेशी, याला एकच आकडा नाही. कामचलाऊ नियम असा की निकटच्या काळातलं अंतःप्रजनन टाळायला प्रभावी संख्या, म्हणजे पुढच्या पिढीत खरोखर वाटा उचलणाऱ्या झाडांची संख्या, 50 हवी. प्रभावी संख्या प्रत्यक्ष संख्येच्या साधारण दहाव्या भागाएवढी निघते, म्हणून फळणारी 500 झाडं. लहान बेटावर मोठ्या वृक्षांची एवढी संख्या जवळपास अशक्य असते. मग तीच जात शेजारच्या दोन-तीन बेटांवर आहे का आणि पक्षी किंवा वारा त्यांच्यात बी-पराग नेतात का, हे पाहायचं. म्हणूनही एकेकटं बेट हे निवडीचं एकक धरू नये.

गणित

एक साधं उदाहरण घेऊ. पाच बेटं आहेत, सगळी मिळून स्थानिक जाती 85. पहिलं 42 हेक्टरचं, त्यावर 60 जाती. दुसरं 18 हेक्टरचं, 52 जाती. तिसरं 9 हेक्टरचं, 40 जाती. चौथं 3 हेक्टरचं, गोड्या पाण्याचा खळगा असलेलं, 22 जाती. पाचवं जेमतेम 0.8 हेक्टरचा चिखलाचा, क्षारसह वनस्पतींचा तुकडा, 11 जाती.

संख्येवरून वरची तीन घेतली तर काय होतं? दुसऱ्या बेटावरच्या 52 पैकी 46 जाती पहिल्यावर आहेतच, नव्या 6. बेरीज 66. तिसरं आणखी 5 देतं. बेरीज 71, जमीन 69 हेक्टर. आता दर पायरीला नवं सर्वांत जास्त देणारं बेट घेऊ. पहिलं घेतल्यावर चौथं बेट 13 नव्या जाती देतं: 73. त्यानंतर पाचवं 7 देतं: 80. जमीन 45.8 हेक्टर. तेवढीच तीन बेटं, एक तृतीयांश जमीन कमी, आणि जाती 9 ने जास्त. संख्येच्या यादीत शेवटची दोन असलेली बेटं इथे वर आली, कारण त्यांच्याकडे बाकीच्यांकडे नसलेला अधिवास आहे.

हे काम स्प्रेडशीटवर होतं: ओळीत जाती, स्तंभात बेटं, असेल तर 1, नसेल तर 0. एक बेट निवडलं की त्यावरच्या सगळ्या जातींच्या ओळी खोडायच्या आणि उरलेल्या ओळींवर बेरीज पुन्हा करायची. या पायरीपायरीच्या पद्धतीत एक खोट आहे. सुरुवातीला घेतलेलं मोठं बेट नंतरच्या बेटांमुळे अनावश्यक ठरलं तरी ते आपोआप बाहेर पडत नाही. म्हणून शेवटी उलटी तपासणी करा: निवडलेल्यांपैकी एकेक बेट काढून पाहा, काही जात सुटते का. चाळीस बेटांसाठी पूर्णांकी प्रोग्रॅमिंगने (बेट घ्यायचं की नाही असे हो-नाही निर्णय एकत्र सोडवणाऱ्या गणिती पद्धतीने) नेमकं सर्वोत्तम उत्तरच काढता येतं आणि साध्या लॅपटॉपला ते जड नाही. आर या संगणकभाषेतलं प्रायॉरिटायझर हे पॅकेज यासाठीच आहे. मार्क्सन हे जुनं, फार वापरलं गेलेलं सॉफ्टवेअर एकाऐवजी अनेक चांगले संच देतं. त्याचा खरा फायदा असा की ते शंभर वेळा चालवलं तर त्यांपैकी कोणतं बेट किती वेळा निवडलं गेलं ते कळतं. शंभरपैकी शंभर वेळा येणारं बेट म्हणजे ज्याला पर्यायच नाही. चाळीस वेळा येणाऱ्या बेटाबद्दल वाटाघाटीत तडजोड करायला हरकत नाही.

लक्ष्य ठरवताना प्रत्येक जात ‘एकदा’ संचात आली की झालं, असं मानू नका. एक वणवा, एक वादळ किंवा उंदरांची एक टोळी एखाद्या बेटावरून जात पुसून टाकायला पुरे असते. सामान्य जाती किमान दोन बेटांवर आणि दुर्मीळ जाती शक्य तितक्या, निदान तीन बेटांवर याव्यात असं लक्ष्य द्या. एकाच बेटावर असलेली जात असेल तर ते बेट गणिताच्या आधीच आत घ्या.

शहर जवळ असल्याचे परिणाम

शहरापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात फारसा अर्थ नाही. होडीला किती वेळ लागतो आणि उतरायला जागा आहे का, हे मोजा. धक्का किंवा वाळूचा किनारा असलेलं पाच किलोमीटरवरचं बेट, उभ्या कड्यांच्या एक किलोमीटरवरच्या बेटापेक्षा जास्त तुडवलं जातं. पायवाटांची एकूण लांबी, चुलींच्या खुणा, कचरा, बांधून ठेवलेली किंवा सोडलेली जनावरं, एवढं पहिल्याच फेरीत नोंदवा.

धोका जास्त म्हणून बेट टाळायचं की आधी घ्यायचं? दोन्ही उत्तरं दिली जातात. सहज होतं ते असं की कोणालाच नको असलेले सुळके राखीव घोषित होतात आणि हव्याशा सपाट बेटांवर इमारती येतात. राखीव जमिनीचा आकडा छान दिसतो, वाचलं मात्र काहीच नाही, कारण सुळका तसाही वाचलाच होता. योग्य प्रश्न असा: संरक्षण दिलं नाही तर वीस वर्षांत इथलं काय जाईल, आणि दिलं तर त्यातलं किती राहील? दोन्हींमधला फरक मोठा असेल ते बेट वर घ्या. पर्याय नसलेलं आणि धोक्यातलं बेट पहिलं. पर्याय नसलेलं पण सुरक्षित बेट कागदोपत्री राखून ठेवा, त्यावर माणसं बसवू नका. धोक्यातलं पण सहज बदलता येणारं बेट शहराला फिरायला द्यायला उत्तम. एक चांगलं बेट उघडं ठेवलं की बाकीच्यांवरचा ताण उतरतो.

उंदीर आणि शेळ्या यांची तपासणी वेगळी करा. उंदीर बिया आणि कोवळी रोपं खातात. काही जातींची रोपं न दिसण्याचं कारण तेच असतं. त्यांचा बंदोबस्त करून परत येणार नाहीत अशी खात्री देता येईल का हे अंतरावर ठरतं: तपकिरी उंदीर चांगला पोहणारा, किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आतलं बेट त्याच्यासाठी कायम उघडंच समजा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळच्या टिरिटिरी माटांगी या 220 हेक्टरच्या बेटावर शेतीने जंगल जवळजवळ संपलं होतं. 1984 ते 1994 या काळात स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांहून जास्त झाडं लावली आणि 1993 मध्ये उंदीरही काढून टाकले. त्याच शहराजवळचं रांगितोतो 2011 मध्ये परक्या सस्तन प्राण्यांपासून मुक्त जाहीर झालं. म्हणजे बिघडलेलं बेट यादीतून सरसकट कापू नये, सुधारणेचा खर्च मात्र निवडीतच धरावा.

शेळ्या काढताना घाई करू नका. पश्चिम प्रशांत महासागरातल्या सारिगान बेटावरून 1998 मध्ये शेळ्या-डुकरं काढल्यावर जंगलाला उभारी आली, पण एक परकी वेलही झपाट्याने पसरली. चरण्यामुळे ती दबून होती. जनावरं असलेल्या बेटावर आधी 10 बाय 10 मीटरचे दोन-तीन तुकडे कुंपणाने बंद करा आणि निदान एक पूर्ण वाढीचा हंगाम जाऊ द्या. आत काय उगवतं ते दिसलं की जनावरं काढल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत किती माणसं लागतील ते समजतं.

पक्ष्यांच्या वसाहतींचं काय करावं, हा नेहमीचा पेच. पाणकावळे किंवा कुरव मोठ्या संख्येने बसले की विष्ठेमुळे जमिनीत नत्र आणि क्षार वाढतात, झाडं वाळतात आणि नत्र आवडणाऱ्या तणांचं राज्य होतं. वनस्पतींसाठी असं बेट वाईट, पक्ष्यांसाठी सोनं. दोन्ही उद्दिष्टं एकाच बेटावर बसवायचा हट्ट धरू नका.

समुद्रातली बेटं असतील तर उंचीचा नकाशा घेतल्याशिवाय अंतिम यादी करू नका. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार 2100 पर्यंत समुद्रपातळी उत्सर्जन अगदी कमी राहिलं तर 0.28 ते 0.55 मीटर आणि अतिशय जास्त राहिलं तर 0.63 ते 1.01 मीटर वाढण्याचा अंदाज आहे, 1995 ते 2014 च्या सरासरीच्या तुलनेत. उधाणाच्या भरतीच्या रेषेवर एक मीटर वाढवून बेटाचं उरलेलं क्षेत्रफळ काढा. वरच्या उदाहरणातला चिखलाचा तुकडा यात कदाचित पूर्ण जाईल. त्याला मागे सरकायला उतार नाही. अशा वेळी त्याच क्षारसह जाती मोठ्या बेटाच्या एखाद्या मंद उताराच्या कडेवर आहेत का, किंवा तिथे जागा राखता येईल का, ते शोधा.

निवड झाल्यावर प्रत्येक बेटावर चौकटींचे कोपरे कायमच्या खुंट्यांनी पक्के करा, जीपीएसवर विसंबू नका. झाडाखाली त्याची चूक सहज पाच-दहा मीटर होते आणि 1 मीटरची चौकट पुन्हा सापडत नाही. पाच वर्षांनी त्याच चौकटी, त्याच हंगामात, शक्य तर त्याच माणसांनी मोजा. एखादी जात ‘गेली’ किंवा ‘नवीन आली’ असं लिहिण्याआधी ती मागच्या वेळी नजरेतून सुटली नव्हती ना, हे तपासा. अशा बातम्यांपैकी बऱ्याच निव्वळ निरीक्षकांमधल्या फरकाच्या असतात.

आणि निवडीतलं एखादं बेट मालकीच्या वादात किंवा वाटाघाटीत हातातून गेलं, तर यादीतलं पुढचं बेट त्याच्या जागी सरकवू नका, गणित पुन्हा चालवा. वरच्या उदाहरणात पहिलं, चौथं, पाचवं आणि तिसरं बेट निवडून झाल्यावर 18 हेक्टरचं दुसरं बेट फक्त एक नवी जात देत होतं. 42 हेक्टरचं पहिलं बेट हिशेबातून गेलं की तेच 52 जातींसह संचाचा पाया होतं.